दीड मीटर केबल

सर,

तुमच्याबद्दल लोकांना जे चांगलं बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं. शोकसभेला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. कुणी तुमच्या शांतपणाबद्दल बोललं, कुणी तुमच्या फळ्यावरच्या अक्षराबद्दल. मला कुणी उठवलं नाही ते बरं झालं. उठलो असतो तर भांडलो असतो, आणि तेही तुमच्याशीच. वर्षभरापूर्वीचं आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. सौदा अर्धा टाकून माणूस उठून गेला की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. रागाचं मी बघून घेतो, तो माझ्या सवयीचा आहे. भीतीची मला सवय नाही. मेहकरकडून टर्नरचा दाखला घेऊन पुण्यात आलो तेव्हा झोपायला जागा नव्हती, तरी घाबरलो नव्हतो. आता धायरीत स्वतःचं वर्कशॉप आहे, तीन लेथ आहेत, दारावर नाव आहे. आणि सकाळी दात घासताना हिरडीतून जरा रक्त आलं तरी ब्रश हातात धरून मी आरशासमोर उभाच राहतो. असं का होतं ते सांगायला हे लिहितोय.

तुम्ही पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आलात तो दिवस आठवतो का? स्कूटर स्टँडवर लावून, हेल्मेट पुसून, पिशवीतून एक पेन्सिलीचं ड्रॉइंग काढलंत. एकात एक बसणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या, भोवती स्टीलचं बंद पात्र, सगळं केसाइतकं अचूक. मी भाव सांगितला. तुम्ही म्हणालात, "बरं."

मला अपमान वाटला. मी म्हटलं, "अहो सर, कमी तरी करायला सांगा."

"का? तुम्ही जास्त सांगितलात का?"

 जास्तच सांगितला होता. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक कामाला मी आधीच घासून घासून भाव सांगू लागलो आणि तुम्ही दर वेळी "बरं" म्हणत राहिलात. घासाघीस न करता मला कुणी इतकं स्वस्तात पाडलं नव्हतं.

मग तुम्ही वर्कशॉपच्या फरशीवर खडूने मला ते यंत्र समजावलंत. जड हायड्रोजन म्हणजे साध्या हायड्रोजनचाच वजनदार भाऊ. तो पात्रात अगदी विरळ भरायचा. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात त्यातून सोडायची. वीज इतक्या जोरात धावते की वायू पेटून उठतो, आणि तीच वीज त्या पेटलेल्या वायूला चहूबाजूंनी आवळते, ओलं फडकं पिळावं तशी. त्या पिळात जड हायड्रोजनचे कण एकमेकांवर आदळतात, आणि काही न्यूट्रॉन बाहेर उडतात.

"दिसतात का?"

"नाही."

"आवाज?"

"आवाज विजेचा येईल. न्यूट्रॉन मुकाट्याने जातात. स्टीलच्या पत्र्याला फारसं जुमानत नाहीत."

"आणि माणसाला?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "माणसाला थोडंफार जुमानतात. माणसात पाणी असतं ना."

मी हसलो होतो. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

तुमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत पहिला शॉट, म्हणजे विजेचा पहिला झटका, झाला तेव्हा पत्र्याच्या पिंपात सुतळी बॉम्ब फुटावा तसा दणका बसला. तुम्ही दणक्याकडे लक्षच दिलं नाहीत. तुम्ही कान लावून बसला होतात त्या मेणाच्या ठोकळ्याकडे. माझ्याच वर्कशॉपमध्ये ओतलेला ठोकळा तो. त्याच्या पोटात चांदीचा पत्रा आणि मोजणारी नळी. न्यूट्रॉन लागले की चांदी थोडा वेळ किरणं सोडते, आणि नळी टिकटिकते. टिकटिक आली. आधी भराभर, मग सावकाश, मग एखादी. तुम्ही डोळे मिटले होते. गाण्याच्या बैठकीतली माणसं तसे डोळे मिटतात. मी तेव्हा तुमच्यासाठी खूश झालो होतो सर, हे कधी सांगितलं नाही. कामाचं बिल तसं अजून द्यायचं होतं, म्हणून सांगितलं नाही.

जागा ठरून गेल्या. मुग्धा, तुमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, दाराजवळच्या पॅनलवर वीज भरायची. मी यंत्राच्या तोंडासमोर, चार पावलांवर, स्टुलावर. गॅसचा आणि पंपाचा व्हॉल्व्ह त्या बाजूला होता म्हणून. आणि तुम्ही यंत्राच्या बगलेत, तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात. विजेच्या गोंगाटाने तुमच्या मोजमापाच्या पडद्यावर भलतंच काही उमटायचं, म्हणून तो पडदा आणि तुम्ही जाळीत बसायचात. पिंजरा मीच केला. कसबा पेठेतल्या एका तांबटाकडून पट्ट्या आणल्या, त्याच्याशी दोन दिवस भांडून. तुम्ही आत बसलात की मुग्धा म्हणायची, "सर, दाणे टाकू का?"

आपला मोठा वाद त्या स्टुलावरचाच. मेणाचे ठोकळे दोन होते, एक बगलेला, एक तोंडासमोर, माझ्या शेजारी. तोंडासमोरचा नेहमी जास्त टिकटिकायचा. तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्हाला हवं होतं की सगळ्या बाजूंना सारखे न्यूट्रॉन यावेत, कारण मग तो खराखुरा ताप, सूर्याच्या पोटातल्यासारखा. मी एके दिवशी बोलून गेलो, "सर, ही भट्टी नाही. भट्टीची धग सगळीकडे सारखी लागते. हे ग्राइंडरचं काम आहे. चाक फिरतं तिकडेच ठिणग्या उडतात."

मुग्धा माझ्याकडे बघतच राहिली. तुम्ही चष्मा पुसलात. "उपमा वाईट नाही, इंगळे. पण उपमेला कुणी पुरावा मानत नाही."

"पुरावा तुमच्या मेणात आहे. मी रोज त्याच्या शेजारी बसतो."

सहा वर्षं हा वाद चालला. तुम्ही पात्र बदललंत, नळी आखूड केलीत, दाब कमीजास्त केलात. माझं म्हणणं बरोबर आहे असं तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. पण ठिणग्या माझ्याकडे उडतात हे मीच सिद्ध करून बसलो होतो, आणि एक दिवस ते माझ्या डोक्यात शिरलं.

तुमच्या शर्टाला बॅज असायचा. मुग्धालाही होता. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा. न्यूट्रॉन लागले की त्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. तीन महिन्यांनी तो बाहेरच्या प्रयोगशाळेला पाठवायचा, तिकडे रसायनात बुडवून खड्डे मोठे करतात आणि मोजतात. पुण्यात राहून खड्डे मोजायला बाहेर पाठवता, असं मी म्हणायचो. मग विचार केला, ठिणग्यांच्या तोंडाशी मी बसतो आणि मला बॅज नाही.

"यादीत विभागाच्याच माणसांची नावं जातात," तुम्ही म्हणालात. "तुम्ही कंत्राटदार आहात."

"न्यूट्रॉनला माहीत आहे का मी कंत्राटदार आहे ते?"

"नाही. पण कार्यालयाला आहे."

रागावलो की माझ्या तोंडी गावाकडचं येतं. "काहून? आमची हाडं पितळेची आहेत?"

"इंगळे, चिडू नका. तुमची काळजी मला आहे."

"मग काळजीची पावती द्या."

तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. ते मिटलेलं तोंड बघून मी ॲप्रन खुंटीला मारला आणि निघालो. वर्षभर आलो नाही. मुग्धाचे फोन आले, व्हॉल्व्ह गळतो म्हणून. मी माणूस पाठवला, स्वतः नाही. तुम्ही एकदा सणाला फोन केलात. मी वाजू दिला.

मग तिचा फोन आला की तुम्ही दवाखान्यात आहात, रक्ताचा आजार आहे, आणि वेळ थोडा आहे.

खालच्या वॉचमनशी मी भेटीच्या वेळेचा भाव केला. तो पाच मिनिटं म्हणाला, मी वीस म्हणालो, बारावर ठरलं. तुम्ही उशीला टेकून होतात. हात इतके बारीक झाले होते की मला तुमच्याऐवजी सलाईनच्या बाटलीकडेच बघावंसं वाटत होतं.

"किती मिनिटं मिळवलीत?" तुम्ही विचारलंत.

"बारा."

"पाचाची बारा. वा."

व्हॉल्व्हबद्दल बोललो. नव्या इलेक्ट्रोडबद्दल, त्या तांब्याच्या नळ्यांबद्दल, बोललो. बॅजचं नाव तुम्ही काढलं नाहीत, मीही काढलं नाही. बारा मिनिटं संपत आली तेव्हा तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "इंगळे, रक्त तपासून घेता का कधी?"

"का?"

"घ्या तपासून. काय जातंय."

एवढंच. तुमचा आवाज साधा होता.  मरणाच्या दारात बसलेला शास्त्रज्ञ, आपल्या यंत्रासमोर सहा वर्षं बसलेल्या माणसाला, रक्त तपास म्हणतो. मी अडाणी नाही सर. मी त्याचा अर्थ लावला.

पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जराशा कमी. धायरीतले डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू." घाबरायचं कारण नाही, हे वाक्य मी स्वतः पस्तीस वर्षं वापरतोय. माल वेळेत होणार नसेल तर गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो. त्या दोन आठवड्यांत मी अंगावरचा प्रत्येक डाग मोजला. बायकोला सांगितलं नाही. लेथवर उभा राहिलो की दम लागल्यासारखं वाटायचं. मग मुद्दाम जिना चढून बघायचो, खरंच लागतो का. रस्त्यावर भाजीवाल्याने सांगितलेला भाव मी एकदा देऊन टाकला. तो घाबरून म्हणाला, "मालक, तब्येत बरी आहे ना?"

मग राग आला, आणि मी विभागात गेलो. तुमच्या बॅजचे अहवाल काढायचे, त्यांच्या प्रती घ्यायच्या आणि विचारायचं की बगलेत बसणाऱ्या माणसाची एवढी नोंद आणि तोंडासमोर बसणाऱ्याची एकही का नाही. भांडायचं कुणाशी ते ठरलं नव्हतं.

मुग्धाने फाइल काढून दिली. ती त्या दिवशी खुशीत होती. सोमवारपासून तुमचे राहिलेले शॉट ती पुरे करणार होती, पिंजऱ्यात तुमच्या जागी बसून. म्हणाली, "काका, बघा ना, सरांचे सगळे रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत. मर्यादेच्या कितीतरी खाली. मशीनमुळे काही झालेलं नाही त्यांना. मी सरांच्या घरी वहिनींनाही तेच सांगितलं. त्या सारखं विचारत होत्या."

मी अहवाल उलटत गेलो. दर तिमाहीला एक कागद, तुमचं नाव, एक छोटा आकडा. एका कागदावर माझं बोट थांबलं. त्या तिमाहीत तुम्ही आणि वहिनी लेकीकडे गेला होतात, पूर्ण तीन महिने परदेशात. मी आणि मुग्धा नवी इलेक्ट्रोड नुसते शॉट देऊन मुरवत होतो. मुरवायच्या शॉटला मोजमाप नसतं, पिंजरा रिकामा होता. तुम्ही इथे नव्हतात. आणि तुमच्या बॅजवर नेहमीइतकेच खड्डे पडले होते.

"बॅज तेव्हा यंत्राजवळ राहिला असेल," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "पण सर तर म्हणायचे, बॅज विसरणारा माणूस प्रयोगशाळेत नको."

तिथून मी कोथरूडला तुमच्या घरी गेलो. वहिनींना मी जन्मात दोनदा भेटलेलो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्यासमोर बसलं की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. मी बॅजचं नुसतं नाव काढलं तर त्या म्हणाल्या, "तो प्लास्टिकचा? तो तर तुमच्या ॲप्रनमध्ये असायचा."

"माझ्या?"

"दर तीन महिन्यांनी तुमचा ॲप्रन धुवायला घरी यायचा ना. आतून खिसा मीच शिवलाय. हे म्हणाले, इंगळ्यांच्या ॲप्रनला छातीपाशी आतून एक खिसा लाव, कळणार नाही असा. मी विचारलं, काय ठेवणार? म्हणाले, बरं, लाव तर."

सर, तुम्ही माझा ॲप्रन धुवायला न्यायचात तेव्हा मी तुम्हाला हसायचो. "इंगळे, हा ॲप्रन आता स्वतःच्या पायावर उभा राहतो," असं म्हणत दोन बोटांत धरून न्यायचात आणि इस्त्री करून आणायचात. मला वाटायचं, पेठेतल्या माणसाला ग्रीसचं वावडं. शर्टावर तुम्ही लावायचात ती नुसती रिकामी क्लिप होती, हे आता कळलं. तुमच्या नावाचे ते सगळे आकडे माझे होते, शेवटच्या वर्षाचे खुंटीवर टांगलेल्या माझ्या ॲप्रनचे.

मी वहिनींना विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अख्ख्या विभागाला ऐकवलं असतं. आपला बॅज दुसऱ्याला देणं नियमात बसत असेल असं मला वाटत नाही." मग त्या म्हणाल्या, "पण मग यांचा आकडा कुठला?"

मी म्हटलं, बघतो. आणि पळालो.

खरं सांगतो, स्कूटरवर बसलो तेव्हा मला आनंद झाला होता. त्याच सकाळी माझा दुसरा रिपोर्टही आला होता, पेशी मर्यादेत. ठिणग्यांच्या तोंडाशी बसलेल्या माणसाच्या छातीवर खड्डे मोजून झाले होते आणि ते थोडे निघाले होते. मी वाचलो होतो. शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात आली. तुम्हाला माझं म्हणणं पटलेलं नसतं तर बॅज माझ्या छातीवर आला नसता. ग्राइंडर तुम्ही मान्य केला होतात, फक्त तोंडाने नाही. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत मी एकटाच हसत होतो.

वर्कशॉपच्या दारात पोचेपर्यंत हसू टिकलं. आत भिंतीला केबलची भेंडोळी टांगलेली असतात. ती दिसली आणि मला तुमची केबल आठवली.

तुमचा पडदा यंत्राला जोडणारी केबल लागत होती. तुम्ही तीन मीटर मागितली होती. "फार लांब नको, लांब केबल गोंगाट पकडते, पण तीन तरी हवी." एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालात मला उत्तम जातीचा एक तुकडा मिळाला, दीड मीटरचा, जवळजवळ फुकट. मी तो तुमच्यासमोर टाकला आणि सगळी वकिली केली. गोंगाट नको म्हणालात ना? मग ही आणखी आखूड. याहून चांगली केबल अख्ख्या पुण्यात नाही. तुम्ही तुकडा हातात तोलून बघितलात आणि म्हणालात, "बरं." मग केबल पोचेल तिथे पिंजरा आला. यंत्राच्या बगलेत, हाताच्या अंतरावर.

तांब्याची जाळी गोंगाट अडवते. न्यूट्रॉन अडवत नाही. मी चार पावलांवर होतो. तुम्ही हात लांब केलात तर पात्राला लागत होता. अंतर निम्मं केलं की मारा चौपट होतो, हे तुम्हीच मला फरशीवर खडूने दाखवलेलं. तुमच्या छातीवर रिकामी क्लिप होती आणि तिथले खड्डे कुणीच मोजले नाहीत.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. तोंड बंद ठेवायचं का, याचा मी सगळ्या बाजूंनी विचार केला. बोललो तर तुम्ही नियम मोडलात हे कागदावर येणार. तुमच्या नावाची नोंद खोटी ठरणार. यंत्र कदाचित सील होणार, आणि तुमचं आयुष्यभराचं काम त्याच्यासकट. वहिनींच्या मनाला जे जरा समाधान मिळालं होतं ते जाणार. आणि केबल कुणी आणली, ते निघणार. न बोललो तर फक्त एकच गोष्ट होणार होती. सोमवारी मुग्धा तुमच्या खुर्चीत बसणार होती.

रविवारी सकाळी तिला तुमच्या घरी बोलावलं आणि दोघींसमोर बॅजचं सगळं सांगितलं. केबलचं सांगितलं नाही. जीभच उचलली नाही.

 मुग्धा म्हणाली, "काका, सरांनी पिंजऱ्यातला हिशेब केलेला आहे, मी पाहिलाय. कागदावर तो ठीक आहे. बहुतेक काहीच झालेलं नसणार. हा आजार ज्यांनी कधी मशीन पाहिलं नाही त्यांनाही होतो."

"कागदावर," वहिनी म्हणाल्या. "मोजलंय का?"

"नाही."

"मग कसलं ठीक."

मुग्धा म्हणाली, "मला हे किरणोत्सर्ग सुरक्षेवाल्यांना कळवावं लागेल."

"आणि सरांचं नाव?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघतात तसं बघितलं. "नावाला काय होतंय, इंगळे? आहे अजून दारावर. तिला आधी त्या खुर्चीतून उठवा."

मग कागद झाले. अधिकारी येऊन गेले, माझी जबानी घेतली, यंत्र काही दिवस बंद राहिलं. सील झालं नाही. ठरलं ते असं: पिंजऱ्यात कुणी बसायचं नाही. तुमच्या खुर्चीवर, तुमच्या छातीच्या उंचीला, नवा बॅज लावायचा. तुमच्या वहीत एका तिमाहीत जितके शॉट आहेत तितकेच, तसेच करायचे. मग तो बॅज पाठवायचा. तुम्ही जे मोजलं नाहीत ते मागाहून मोजायचं.

पहिल्या शॉटच्या आधी वहिनी बघायला आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारातून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "कुठे बसायचे?"

मी पिंजरा दाखवला. त्या आत गेल्या, खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि हात लांब केला. बोटं पात्राला लागली.

"इतक्या जवळ?"

मुग्धा माझ्याकडे बघत नव्हती. तिला काही माहीतच नव्हतं. पळायला जागा होती. दार उघडं होतं, वहिनींची पाठ माझ्याकडे होती. मी म्हटलं, "वहिनी, केबल मी आणली. त्यांनी तीन मीटर मागितली होती. मी दीड गळ्यात मारली."

त्यांनी हात खाली घेतला. पदराने बोटं पुसली. बराच वेळ त्या जाळीतून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला कळेना की पिंजऱ्यात कोण आहे.

"आणि ते 'बरं' म्हणाले असतील," त्या म्हणाल्या.

"हो."

"चाळीस वर्षं ऐकलंय मी ते 'बरं'." मग त्या बाहेर आल्या. "हे बघा इंगळे. तुम्हाला सोडायचं की धरायचं, ते आकडा आल्यावर बघू. आत्ता मला काही सांगता येणार नाही. तोवर घरी येऊ नका."

"बरं," मी म्हणालो. 

सर, आता मी भिंतीपलीकडे बसतो. व्हॉल्व्ह लांबून फिरवायची सोय मी केली, एका दिवसात, काही न मागता. मुग्धा वीज भरते, आकडे उलटे मोजते, दणका होतो, आणि मी खिडकीच्या काचेतून तुमच्या खुर्चीकडे बघतो. काही दिसत नाही. पाठीला टांगलेला तो तुकडा हलतसुद्धा नाही. पण मला ठाऊक असतं की आत्ता त्याच्यावर काहीतरी पडलं, आणि ते पुसता येत नाही. मला आयुष्यात सगळ्यांशी बोलून काहीतरी खाली आणता आलंय. वॉचमनशी, तांबटाशी, कार्यालयाशी. प्लास्टिकशी काय बोलू?

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. माझ्या छातीवरचा आकडा तुम्ही मला न विचारता घेतलात आणि तुमच्या नावावर लावलात. तुम्ही तोंड उघडलं असतंत तर मी भांडलो असतो, आरडाओरडा केला असता, आणि त्या भांडणात कुणीतरी विचारलंच असतं की मग सरांचा बॅज कुठे आहे. माझ्या भांडकुदळपणाचा एकदाच उपयोग झाला असता, तो तुम्ही होऊ दिला नाहीत.

निम्मे शॉट झाले. उरलेले व्हायला अजून काही आठवडे लागतील, मग बॅज जाईल, मग कागद येईल. आकडा कमी यावा म्हणून मी रोज काय काय करतो ते मुग्धालासुद्धा सांगत नाही. आणि तो तुमच्यासाठी कमी यावा असं म्हणालो तर खोटं ठरेल. तुम्हाला आता कमी काय आणि जास्त काय. मला कोथरूडला तुमच्या घराची बेल वाजवता यायला हवी.

— इंगळे, धायरी